चिखलाखालचा खुंट आणि फाळाचे रक्षण

व्यापारात माल जातो, पैसा येतो, वहीत नोंद होते आणि व्यवहार मिटतो. पण एखादी विक्री अशी असते की तिचा हिशेब विक्रेत्याच्या मनात पुष्कळ दिवस उघडाच राहतो. आमच्या लोखंडी सामानाच्या दुकानातील अशीच एक लहानशी विक्री प्रस्तुत लेखास कारण झाली आहे. ती येथे प्रांजळपणे सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाही.

काही वर्षांमागील गोष्ट. रोवणीचे दिवस होते. पावसाने चांगला जोर धरला होता आणि जो तो चिखलणीच्या घाईत होता. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक सकाळीच चिखलाच्या पायांनी दुकानात आले.

“शेठजी, रोटाव्हेटरचा बोल्ट दोन दिवसांत तीनदा तुटला. आता असा द्या का पुन्हा तुटलाच नाही पायजे.”

“हा घ्या, पाटील. हा काही तुटायचा नाही,” असे म्हणून आम्ही कपाटातील सर्वांत कठीण जातीचा बोल्ट काढून त्यांच्या हातावर ठेवला. किमतीत फरक चार-सहा रुपयांचा. गिऱ्हाईक संतुष्ट, आम्हीही संतुष्ट.

चौथ्या दिवशी पाटील परत आले. बोल्ट खरोखरच तुटला नव्हता. तो जागच्या जागी शाबूत होता. मात्र यंत्राच्या पेटीतील गिअरचे दात उडाले होते आणि पेटीला चीर गेली होती. बांधीत पाण्याखाली पळसाचा एक जुना खुंट राहून गेला होता, त्यावर पाती आदळली होती. ऐन रोवणीत आठ दिवस यंत्र बंद पडले. पऱ्ह्यांचे दिवस भरत आलेले आणि मजूर ठरविलेले. पाटलांनी आम्हांस दोष दिला नाही. “बोल्ट मजबूत होता, शेठजी,” एवढेच ते म्हणाले. ते वाक्य आम्हांस फार लागले. मजबूत माल देऊन आपण गिऱ्हाइकाचे नुकसान केले, हे कसे, याचा शोध आम्ही तेव्हापासून घेत आलो. त्यातून जे उमगले ते आमच्या व्यापारी बांधवांपुढे आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडीत आहोत.

न दिसणारी अडचण

आपला बालाघाट जिल्हा म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा मुलूख. वारासिवनी, कटंगी, लालबर्रा, किरनापूर, लांजी या बाजूंस बांधीला लागून बांधी पसरलेली आहे. बैहरकडे घाट चढून गेले की रानाला लागून असलेली आणि रान मोडून काढलेली शेते दिसू लागतात. येथील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट आपल्यापैकी धान्याचा व्यापार करणाऱ्यांस ठाऊक आहेच. हा सारा तांदूळ चिखलातून निघतो. बांधीत पाणी अडवून, माती घोटून चिखल केल्यावाचून रोवणी होत नाही.

पण याच पाण्याने जमीन झाकली जाते. गढूळ पाण्याखाली वीतभर अंतरावर काय आहे हे कोणास दिसत नाही. कधी काळी तोडलेल्या झाडाचा खुंट, पसरलेले मूळ, धोंडा, मोडलेल्या जुन्या धुऱ्यातील दगड, किंवा गेल्या हंगामात तुटून पडलेला लोखंडाचा तुकडा, यांपैकी काहीही तेथे असू शकते. वरून पाहता सगळी बांधी सारखीच दिसते.

लाकडी नांगराच्या काळी ही अडचण नव्हती असे नाही. पण तिचे रक्षण नांगरटीच्या पद्धतीतच होते. शेतकऱ्याचा हात रुमण्यावर असे. फाळ अडला की हाताला तत्काळ कळे. बैलांच्या खांद्यावर ओझे आले की तेही आपोआप थबकत. शेतकरी नांगर उचलून खुंटापलीकडे टाकी आणि पुन्हा तास धरी. पुढे मराठी मुलखात लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथील नांगर गावोगाव गेले. फाळ लाकडाऐवजी लोखंडाच्या नांगरास बसला, तथापि ओढणारा बैलच होता. थबकणारा जीव पुढे आणि जाणणारा हात मागे, ही व्यवस्था कायम राहिली.

ट्रॅक्टर आला आणि ही दोन्ही रक्षणे एकदम गेली. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीच्या यंत्रास खुंटाची जाणीव होत नाही. चालक पुढे पाहत असतो आणि अवजार त्याच्या पाठीमागे, पाण्याखाली असते. त्यास कळते तेव्हा मोडायचे ते मोडून गेलेले असते.

धक्का किती मोठा असतो?

येथे थोडा हिशेब करणे आवश्यक आहे. आपण व्यापारी, आकड्यांनी बोललेले आपल्यास लवकर पटते.

दोन टन वजनाचा ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने, जात आहे असे समजू. त्याच्या फाळाने न हलणारा खुंट गाठला आणि सारे वजन अवघ्या एका सेंटिमीटरात थांबले, तर त्या क्षणी फाळावर येणारा सरासरी जोर सुमारे वीस टन होतो. तेच थांबणे वीस सेंटिमीटरांत झाले, तर जोर सुमारे एक टन होतो. वेग तोच, वजन तेच, खुंटही तोच. थांबण्याचे अंतर वीसपट केले की धक्का विसाव्या हिश्श्यावर येतो. इंजिनाची ओढ यात धरलेली नाही. प्रत्यक्षात तीही भर घालते. उंचावरून पडणारी वस्तू आपण झेलतो तेव्हा हात थोडा मागे घेतो, तो याच नियमाने.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. फाळ कितीही कठीण केला तरी धक्का कमी होत नाही. कठीण फाळ स्वतः वाचला, तर तोच धक्का दांड्यावर, चौकटीवर, गिअरवर जातो. आणि फार कठीण पोलाद काचेसारखे ठिसूळ होते, तेव्हा फाळही वाचेलच असे नाही. म्हणून रक्षणाचा खरा मार्ग हा की, धक्का बसताच कोणता भाग सरकेल, वाकेल किंवा तुटेल, हे आधीच ठरवून ठेवावयाचे.

बर्फाखालचे दगड

हीच अडचण आपल्यापासून फार दूर, थंड प्रदेशांतील रस्त्यांवर येते. तेथे चिखलपाण्याऐवजी बर्फ असतो. आपल्यातील जी कुटुंबे काश्मीर अथवा मनाली पाहून आली आहेत त्यांस याची कल्पना येईल. रोहतांगची खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला होईपर्यंत हिवाळ्यात लाहौलचा रस्ता या खिंडीतील बर्फामुळे बंद पडे. काश्मीरकडून लडाखला जाताना लागणाऱ्या झोजीला खिंडीचीही तीच कथा. १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना हे रस्ते बर्फ कापून मोकळे करते.

बर्फ लोटणाऱ्या गाडीच्या पुढे एक रुंद, वळलेले पोलादी पाते असते; आपल्या नांगराचाच तो थोरला भाऊ समजावा. पांढऱ्या थराखाली रस्त्याची कड, पुलाचा सांधा, गटाराचे झाकण, दरडीतून घसरलेला धोंडा, यांतील काहीच चालकास दिसत नाही. अशा वेळी पात्याचे रक्षण करण्याच्या ज्या युक्त्या त्या कामात रूढ झाल्या, त्या पाच प्रकारांत सांगता येतील.

पहिली युक्ती झुकण्याची. काही यंत्रांत सबंध पाते स्प्रिंगांवर धरलेले असते. खालची धार अडली की पाते पुढे कलते, अडथळ्यावरून जाते आणि स्प्रिंग त्यास पुन्हा उभे करते. काहींत सबंध पाते न कलता फक्त खालची वीतभर पट्टी बिजागरीवर मागे दुमडते. पहिल्या प्रकारात पाते कलताच पुढे साठलेला बर्फ सांडतो. दुसऱ्या प्रकारात तो सांडत नाही.

दुसरी युक्ती अंतर राखण्याची. पात्याच्या खाली दोन बाजूंस लोखंडी टाचा किंवा लहान चाके बसवितात. खडीच्या रस्त्यावर धार जमिनीस न टेकता किंचित वर राहते आणि बारीकसारीक दगड तिच्याखालून निसटून जातात.

तिसरी युक्ती झिजणारा भाग निराळा ठेवण्याची. धार ही पात्याचा अविभाज्य भाग न ठेवता बोल्टने बसविलेली वेगळी पट्टी असते. झिजली किंवा मोडली की पट्टी बदलावी. पाते कायम राहते. ही पट्टी कोठे साध्या पोलादाची, कोठे टंगस्टन कार्बाइडचे तुकडे जडविलेली, तर कोठे रबराची असते. कार्बाइड फार काळ टिकते पण आघाताने तडकते. रबर तितके खरवडत नाही पण धक्का सोसते. गुण आणि दोष एकत्रच पदरी येतात.

चौथी युक्ती तुटण्याची. फिरत्या मळसूत्राने बर्फ खाऊन दूर फेकणाऱ्या यंत्रांत मळसूत्र आणि त्याचा दांडा यांना एक ठरावीक ताकदीचा बोल्ट जोडतो. धोंडा अडकला की बोल्ट तुटतो, मळसूत्र थांबते आणि गिअर वाचतो.

पाचवी युक्ती सर्वांत स्वस्त, ती म्हणजे आधी पाहून ठेवण्याची. बर्फ पडण्यापूर्वीच रस्त्याच्या कडेने उंच काठ्या रोवतात, म्हणजे बर्फातही रस्त्याची हद्द कळते.

खुंटावरून उडी मारणारा नांगर

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, ही थंड देशांची कौतुके आपणांस काय कामाची? परंतु याच विचाराची एक जुनी गोष्ट शेतातच घडलेली आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात यॉर्क द्वीपकल्पावर मॅली नावाची निलगिरीच्या जातीची झुडपे आहेत. ती तोडली तरी त्यांचे गड्डे जमिनीत राहतात आणि पुन्हा फुटतात. रान साफ करून गहू पेरणाऱ्या शेतकऱ्यांचे नांगर या गड्ड्यांवर सतत मोडत. सगळे खुंट खणून काढणे खर्चाने अशक्य होते.

१८७६ साली रिचर्ड बोयर स्मिथ या गृहस्थाने यावर तोड काढली. त्याने प्रत्येक फाळ आपापल्या बिजागरीवर मोकळा ठेवला. फाळ खुंटास लागला की तो वर उचलला जाई, खुंटावरून जाई आणि वजनाच्या भाराने पुन्हा जमिनीत शिरे. शेजारचे फाळ आपले काम करीतच राहत. असे सांगतात की, नांगरताना एक बोल्ट तुटून फाळ खुंटावरून सहज वर गेला, हे पाहून ही कल्पना सुचली. त्याचा भाऊ क्लॅरेन्स याने या नांगरात पुढे सुधारणा केल्या. आरंभी लोकांनी त्यास हसून घेतले. तथापि ज्या जमिनी नांगरण्याजोग्या नाहीत असे ठरले होते त्या त्याच नांगराने लागवडीखाली आल्या. खुंट काढता येत नसेल तर त्यावरून सुखरूप जाण्यास शिकावे, हा या नांगराचा धडा.

आपल्या अवजारांत हेच कोठे आहे?

आता आपल्या दुकानांतील आणि आपल्या जिल्ह्यातील अवजारांकडे वळू.

ट्रॅक्टरमागील नऊ फणांचा स्प्रिंगचा कल्टिव्हेटर आपण रोज पाहतो. त्यातील प्रत्येक फण एका खिळीवर फिरू शकतो आणि स्प्रिंगांनी जागेवर धरलेला असतो. खुंट लागला की तेवढाच फण मागे आणि वर जातो, खुंट ओलांडताच परत येतो. बर्फाच्या पात्याची पहिली युक्ती ती हीच. परंतु येथे एक मेख आहे. पुष्कळ जण स्प्रिंगची चाकी शेवटपर्यंत आवळून टाकतात. मग फण मागे जाऊच शकत नाही. जास्त पैसे देऊन घेतलेला स्प्रिंगचा कल्टिव्हेटर साध्या ताठ कल्टिव्हेटरासारखा होऊन बसतो. उलट, स्प्रिंग फार सैल ठेवली तर कठीण जमिनीत फण वरच्या वर तरंगतो आणि मशागत उथळ होते. दुसरी मेख गंजाची. चिखलाचे काम संपल्यावर खिळीतील माती धुऊन तेथे ग्रीस घातले नाही, तर पुढील हंगामात ती खिळी जखडते आणि स्प्रिंग असून नसल्यासारखी होते.

फणाच्या टोकाचा फाळ बोल्टने बसविलेला असतो. पुष्कळ फाळ दुतोंडी असतात. एक टोक झिजले की उलटवून दुसरे वापरावे. झिजणारा भाग निराळा ठेवण्याची ही तिसरी युक्ती होय.

तव्यांचा नांगर निराळ्या रीतीने वाचतो. त्याचा तवा साठ-सत्तर सेंटिमीटर व्यासाचा असून फिरता असतो. मूळ किंवा धोंडा आला की तवा त्यावर चढून गडगडत पलीकडे जातो. म्हणूनच नव्याने मोडलेल्या, मुळांच्या व दगडांच्या जमिनीत तव्यांचा नांगर अधिक चालतो.

फाळाच्या मोठ्या नांगरात, ज्यास आपण पलटी नांगर म्हणतो, अनेकदा प्रत्येक पाय दोन बोल्टांनी धरलेला असतो. एका बोल्टवर तो फिरतो आणि दुसरा ठरलेल्या जोरास तुटतो. तुटला की पाय मागे वळतो आणि फाळ वाचतो. रोटाव्हेटरात ट्रॅक्टरकडून येणाऱ्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पी. टी. ओ. शाफ्टवर, असाच एक शिअर बोल्ट असतो किंवा त्याऐवजी स्लिप क्लच असतो. स्लिप क्लचमध्ये घर्षणाच्या चकत्या स्प्रिंगांनी दाबलेल्या असतात. जोर वाढला की त्या एकमेकींवरून घसरतात. त्याच्याही चाक्या आवळून घट्ट करणारे कमी नाहीत. वर्षभर यंत्र पडून राहिले की या चकत्या गंजून चिकटतात. हंगामाआधी त्या सैल करून एकदा घसरवून पाहाव्या लागतात.

खुद्द ट्रॅक्टरच्या तीन सांध्यांच्या जोडणीतही रक्षणाचा विचार आहे. पूर्वीच्या ट्रॅक्टरांमागे नुसता साखळीने ओढलेला नांगर अडला, की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकावर उलटे. असे मृत्यू पुष्कळ झाले. हॅरी फर्ग्युसन याने तयार केलेली जोडणी १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर बाजारात आली. तीत अवजार अडताच वरच्या सांध्यावरील दाब हायड्रॉलिक यंत्रणेस कळतो, मागील चाकांवरील भार हलका होतो आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. यंत्राबरोबर माणूसही वाचतो. आज आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर दिसणारी तीन सांध्यांची जोडणी ही त्याच विचाराची संतती आहे.

बोल्टच्या डोक्यावरील आकडे

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आम्ही पाटलांना दिलेला बोल्ट चुकीचा कसा ठरला?

चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे असतात. बोल्टांसंबंधीच्या भारतीय मानकातही, म्हणजे आय. एस. १३६७ मध्ये, हीच पद्धत आहे. यातील पहिला आकडा ताणाची ताकद सांगतो. ४ म्हणजे दर चौरस मिलिमीटरास ४०० न्यूटन, अर्थात साधारण ४० किलो. ८ म्हणजे ८० किलो. १० म्हणजे १०० किलो. टिंबानंतरचा आकडा, त्या ताकदीच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा लांबू लागतो, हे दाखवितो. बोल्ट आडवा कातरला जाण्यास लागणारा जोर ताणाच्या ताकदीच्या सुमारे साठ टक्के धरतात.

या हिशेबाने ८ मिलिमीटर जाडीचा ४.६ जातीचा बोल्ट एका ठिकाणी कातरला जाण्यास सुमारे सव्वा टन जोर लागतो. त्याच जाडीचा ८.८ बोल्ट सुमारे अडीच टनांस तुटतो आणि १०.९ बोल्ट सुमारे तीन टनांस. दिसावयास तिन्ही सारखेच. यंत्र बनविणाऱ्याने सव्वा टनास बोल्ट तुटावा असे धरून गिअर घडविला असेल आणि आपण तेथे तीन टनांचा बोल्ट दिला, तर मधल्या पावणेदोन टनांचा भार कोणी सोसावयाचा? तो गिअरने सोसावयाचा. पाटलांच्या यंत्रात हेच घडले. जातीऐवजी जाडी वाढविली तरी तोच परिणाम होतो. ८ च्या जागी १० मिलिमीटरचा बोल्ट बसविला की ताकद दीडपटीहून अधिक होते.

याचा अर्थ सदैव मऊ बोल्टच द्यावा असा मात्र नव्हे. काही यंत्रांस ८.८ जातीचाच शिअर बोल्ट सांगितलेला असतो. तेथे मऊ दिला तर तो विनाकारण तुटत राहील, गिऱ्हाईक कंटाळेल आणि अखेरीस सर्वांत कठीण बोल्ट मागेल. बोल्ट कोणत्या जातीचा, किती जाडीचा व किती लांबीचा, हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. लांबीसही महत्त्व आहे. कातर जेथे पडते तेथे बोल्टचा साधा गुळगुळीत भाग यावा की आट्यांचा, यावरही ताकद बदलते. आणि योग्य बोल्ट पुनःपुन्हा तुटत असेल, तर तो काहीतरी सांगत आहे असे समजावे. खाली खुंट आहे, खोली जास्त घेतली आहे, किंवा पाती वाकली आहेत. आमच्या पाटलांचा बोल्ट तीनदा तुटला, तेव्हा तो तीनदा खुंटाची खबर देत होता. आम्ही ती खबर देणाऱ्याचेच तोंड बंद केले.

घरातील आणि गिरणीतील तोच नियम

हा नियम शेतापुरताच नाही. आपल्या घरातील विजेच्या फ्यूजची बारीक तार याच जातीची आहे. ती वारंवार वितळते म्हणून कोणी जाड तार गुंडाळून ठेवतो. मग तार वितळत नाही, घरातील वायर तापते आणि आगीचे भय राहते. आपल्या माताभगिनींनीही हे लक्षात ठेवावे.

खडी फोडणाऱ्या जबड्याच्या क्रशरात मागील बाजूस टॉगल नावाची एक पट्टी असते. जबड्यात दगडाऐवजी लोखंडाचा तुकडा आला, तर ती पट्टी तुटते आणि क्रशर वाचतो. मॅंगनीज आणि तांब्याच्या या जिल्ह्यात क्रशर कोणास अपरिचित नाही. आपल्या भातगिरण्यांत तर आधी पाहण्याची युक्ती चालते. धान रबरी रुळांत पडण्यापूर्वी चुंबकावरून व दगड वेगळे काढणाऱ्या यंत्रातून जाते. चुंबकास चिकटलेले खिळे वेळोवेळी काढले नाहीत, तर तेच रुळांत जाऊन रबर फाडतात. रक्षणाचे साधन असणे पुरेसे नसते. ते कामास येईल अशा स्थितीत ठेवावे लागते.

व्यापाऱ्याचे कर्तव्य

आमच्या अनुभवावरून काही सूचना नम्रपणे मांडतो.

शिअर बोल्टची पेटी इतर बोल्टांपासून वेगळी ठेवावी आणि तिच्यावर यंत्राचे नाव व बोल्टची जात लिहावी. दुकानातील नोकरास डोक्यावरील आकडे वाचण्यास शिकवावे. गिऱ्हाईक बोल्ट मागताच, ‘कोणत्या यंत्राचा, कोणत्या जागेचा?’ हे विचारल्याशिवाय देऊ नये. एकाऐवजी पाच-सहा बोल्ट एकदम द्यावे, म्हणजे बांधीत तुटल्यावर शेतकऱ्यास गावात धाव घ्यावी लागणार नाही आणि हाताशी आलेला खिळा किंवा सळई ठोकण्याचा मोह होणार नाही. ‘न तुटणारा द्या’ म्हणणाऱ्यास दोन मिनिटे थांबवून तुटण्याचे कारण समजावून सांगावे. कठीण बोल्टात चार पैसे अधिक सुटत असले, तरी ते चार पैसे घेऊ नयेत.

शेतकरी बांधवांस सांगावे की, उन्हाळ्यात बांधी कोरडी असताना एकदा फिरून यावे. जो खुंट काढता येईल तो काढावा. जो निघणार नाही त्याजवळ चिंधी बांधलेला उंच बांबू रोवावा, म्हणजे पाणी भरल्यावरही जागा कळेल. बर्फातल्या त्या काठ्यांचेच हे काम आहे आणि त्यास खर्च नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना माणसाच्या जिवाची आहे. तुटलेला बोल्ट बदलताना इंजिन पूर्ण बंद करावे, किल्ली काढून घ्यावी आणि अवजार जमिनीवर टेकवावे. पी. टी. ओ. चा दांडा सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात नऊ. दुपट्ट्याचे टोक किंवा सदऱ्याची बाही त्यात गेली, तर हात मागे घेण्यास वेळ उरत नाही. दांड्यावरील आच्छादन काढून फेकू नये. फुटले असेल तर नवे घ्यावे. हे आच्छादन दुकानात ठेवणे आणि आग्रहाने विकणे, हीसुद्धा सेवाच आहे.

पाटील अद्यापही आमच्याकडे येतात. त्या वर्षीची पेटी दुरुस्त करून घेण्याच्या खर्चात आम्ही आपला वाटा उचलला. त्यांनी तो घेण्यास फार आढेवेढे घेतले. तो खुंट पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी खणून काढला. आता आषाढ लागण्यापूर्वी ते सहा बोल्ट घेऊन जातात आणि पावसाळा सरल्यावर उरलेले किती ते हसत सांगतात. गेल्या खेपेस म्हणाले, “शेठजी, औंदा एकच तुटला.” आम्ही विचारले, “कोठे?” तेव्हा त्यांनी बांधी सांगितली, आणि तेथे आता बांबू उभा आहे हेही सांगितले.

दुकानातून रोज शेकडो वस्तू जातात. त्यांतील बहुतेक टिकाव्या म्हणून आपण विकतो. काही थोड्या वेळेवर तुटाव्या म्हणून. दोहोंतील फरक ओळखून देणे हे आपले काम आहे, कारण गिऱ्हाईक तो फरक आपल्या भरवशावर सोडून देते.